अर्ध्या इंचाची माया

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या लग्नाला साडेसहा महिने होते. मूळचा परभणीकडचा, नोकरी हिंजवडीत, राहायला सूसला. त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी मी कोट शिवून दिला होता, तो बघून हा बाईक काढून थेट पौडला आला होता. लग्न मुळशी धरणाच्या काठी एका रिसॉर्टवर व्हायचं होतं. जोधपुरी कोटाचं कापड त्याने सोबत आणलं होतं, गडद निळं, हाताला जड लागणारं. मी गळ्यातला टेप काढून त्याच्या छातीभोवती फिरवला. अडतीस.

"बेचाळीसचा शिवा," तो म्हणाला.

मला वाटलं त्याला ढगळ आवडत असेल. म्हटलं, "चार इंच सैल कोट अंगावर पोत्यासारखा लोंबेल, साहेब."

"सैल नाही. तोपर्यंत माझी छाती बेचाळीस होणार आहे."

त्याने मोबाइल पुढे केला. नुकत्याच लावलेल्या जिमची जाहिरात होती. डावीकडे एक हडकुळा माणूस, उजवीकडे तोच माणूस दगडातून कोरून काढल्यासारखा, आणि मध्ये मोठ्या अक्षरात नव्वद दिवस. "माझ्याकडे तर याच्या दुप्पट दिवस आहेत," तो म्हणाला. त्यात बढाई नव्हती. गणित सोडवल्यासारखं त्याने ते सरळ मांडलं.

मी बावीस वर्षं माणसं मोजतोय. त्याआधी अब्बा मोजायचे आणि मी आकडे वहीत उतरवायचो. सहा महिन्यांत चार इंच कंबर वाढलेली माणसं मला दरवर्षी भेटतात. त्यांच्या पँटी सैल करून करून माझी बोटं त्या कामाला सरावली आहेत. पण छातीवर, दंडावर, खांद्यावर मांस चढायला किती दिवस लागतात आणि ते किती चढतं, हे मी कधी बघितलं नव्हतं. त्यामुळे मला त्याला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

शेवटी म्हणालो, "चाळीसचा शिवतो. आत भरपूर माया ठेवतो." शिवणीच्या आत दाबून ठेवलेल्या जादा कापडाला आम्ही शिंपी माया म्हणतो. "वाढलात तर उसवून सोडू. नाही वाढलात तर आत घेऊ."

"आत घ्यायची वेळ येणार नाही," म्हणत त्याने हेल्मेट डोक्यात घातलं.

तो गेला, पण त्याचे चार इंच माझ्या डोक्यातून जाईनात. त्याच आठवड्यात वस्ताद आले. वस्ताद म्हणजे आमच्या बाजाररस्त्यावर पशुखाद्याच्या दुकानावरच्या मजल्यावर व्यायामशाळा चालवणारे गृहस्थ. उमेदीत जत्रांच्या फडात कुस्त्या मारलेला माणूस, आता साठीला टेकलेला. त्यांची पँट शिवणं हे वेगळंच काम. कंबर चौतीस आणि मांडीचा घेर सव्वीस, त्यामुळे तयार पँट त्यांना कधी बसतच नाही. मांडीला टेप लावता लावता मी त्यांना नवरदेवाची गोष्ट सांगितली.

वस्ताद मोठ्याने हसले नाहीत. नुसते मिशीत हसले.

"सा म्हैन्यात चार इंच छाती? मास्तर, ती मांसानं वाढत न्हाई, टेपानं वाढती. टेप ढिला धरायचा."

"मग किती वाढते?"

"कुनाची कमी, कुनाची जास्त. हाडापेरावर हाय. खाण्यावर हाय, झोपंवर हाय, वयावर हाय. पर नव्या मानसानं वरीसभर इमानानं केलं, तर दंडाला अर्धा-पाऊण इंच. लई झालं तर एक. दुसऱ्या वर्षाला त्याच्या निम्मं. तिसऱ्याला निम्म्याचं निम्मं. पुढं तर वरीस जातं अन टेप तितंच ऱ्हातो."

"एवढंसंच?"

वस्तादांनी माझ्याकडे वळून बघितलं. "एवढंसं? मास्तर, तुमी कापडाला इंच जोडता तवा दुकानातनं कापड आनता. ह्ये कुटनं आनायचं?"

मी सव्वीसचा आकडा वहीत उतरवला. ते बाहेर पडताना माझ्या पाठीकडे बघून म्हणाले, "तुमची कंबर धरलीय न्हाई का? मघापासनं वाकडं हुभं ऱ्हातायसा." खरं होतं. दिवसाचे दहा तास मशीनवर वाकून माझी कंबर चाळिशी ओलांडताच कुरकुरायला लागली होती. आदल्या महिन्यात सुटिंगचा तागा उचलताना तर मी तसाच वाकलेल्या अवस्थेत अडकलो होतो, बायकोने आणि शेजाऱ्याने धरून मला सरळ केलं होतं.

"सकाळी या वर," वस्ताद म्हणाले. "तुमचा तुमीच मोजा किती वाढतं ते."

मी गेलो. खरं सांगायचं तर कंबरेसाठी कमी आणि त्या आकड्यासाठी जास्त.

व्यायामशाळा म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. खालून पेंडीचा आणि भुशाचा वास वर येतो. पावसाळ्यात पत्र्यावर एवढा आवाज होतो की वस्तादांना काही सांगायचं असलं तर खांद्यावर थाप मारून खुणेने सांगावं लागतं. पहिल्या दिवशी मी माझा दंड मोजला. साडेअकरा इंच. वस्तादांच्या दंडापुढे काडीच म्हणावी असा. वस्तादांनी मला उठाबशा, खांद्यावर रिकामी सळई, आणि जमिनीवरून वजन उचलायची रीत शिकवली. पाठ सरळ, जोर टाचांवर, श्वास धरून. आठवड्यातून तीन दिवस. चौथ्या दिवशी गेलो तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

"आज कशाला आला?"

"म्हटलं लवकर वाढेल."

"हितं वाढत न्हाई काय. हितं मोडतं. वाढतं घरी, झोपंत. जावा, झोपा."

दुसऱ्या आठवड्यात व्यायाम झाल्यावर मी तिथेच टेप लावला. बारा! दोन आठवड्यांत अर्धा इंच. घरी जाऊन बायकोला दाखवलं. तिने दंड चाचपून "हो की" म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे उठल्याउठल्या पुन्हा मोजला, साडेअकरा. टेप बदलला. साडेअकराच. वस्तादांना सांगितलं तर म्हणाले, "त्ये रगात हुतं. कामाच्या जागी गोळा झालं, काम सरल्यावर माघारी गेलं." तेव्हापासून मी नियम केला. महिन्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी, काही खाण्याआधी, तोच टेप.

पहिला महिना, साडेअकरा. दुसरा, साडेअकरा. तिसरा, साडेअकरा आणि एक बारीकसा दोरा वर, जो मी प्रामाणिकपणे धरला नाही. पण याच तीन महिन्यांत एक गोष्ट घडली जी मला आजही पुरती कळलेली नाही. जी सळई पहिल्या दिवशी खांद्यावर घेऊन मी डगमगलो होतो, तिला दोन्ही बाजूंना प्लेटा लावून मी बसून उठत होतो. जमिनीवरून आधी जेवढं उचलायचो त्याच्या दुप्पट उचलत होतो. कंबर दुखायची थांबली होती. सुटिंगचा तागा मी एका हाताने फळीवर ठेवायला लागलो. आणि टेपावर काहीच नाही.

"मांस तेवढंच, मग हे उचलतंय कोण?" मी विचारलं.

वस्तादांनी बोट कपाळाला लावलं. "आधी डोसकं शिकतं. तुमच्याच अंगात जे झोपलं हुतं त्येला उठवतं. ते समदं उठलं की मग शरीर म्हनतं, आता मानसं कमी पडत्यात, नवी आना. तवा मांस चढतं."

बेचाळीस वर्षं मी या शरीरात राहत होतो, आणि त्यातलं अर्धं बळ नुसतं पडून होतं. मला पत्ताच नव्हता.

चौथा महिना संपता संपता नवरदेव कोटाच्या ट्रायलला आला. कच्च्या धावदोऱ्यांवर जोडलेला कोट मी त्याच्या अंगावर चढवला. त्याचा चेहरा पडलेला होता. मी न विचारताच म्हणाला, "मोजू नका. मी घरी मोजलंय. एकोणचाळीस पण नाही."

मी तरी मोजलं. एकोणचाळीसला दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. पण मला शिंप्याची नजर आहे, आणि कोट मला वेगळंच सांगत होता. खांद्याची शिवण जिथे बसायला हवी होती तिथे बसत नव्हती, आत ओढली जात होती. मी खांदा मोजला. अर्धा इंच वाढला होता. मान भरली होती. कंबर मात्र दोन इंच आत गेली होती. चार महिन्यांपूर्वीच्या मापाने कापलेला कोट त्याला कंबरेत सैल आणि खांद्यात आवळ होत होता.

"तुम्ही आरशात रोज बघता म्हणून तुम्हाला दिसत नाही," मी म्हणालो. "मी चार महिन्यांनी बघतोय. माझं कापड खोटं बोलणार नाही."

त्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. थोडं घुटमळून म्हणाला, "जिममधला एक जण म्हणतो, इंजेक्शनं घे. दोन महिने राहिलेत. अजून बेचाळीस होऊ शकते."

मला त्यातलं कळत नव्हतं. मी त्याला कोट काढायला लावला, दुकानात बायकोला बसवलं आणि त्याला घेऊन वस्तादांकडे वर गेलो. दुपारची वेळ होती, व्यायामशाळेत कुणी नव्हतं. वस्ताद पाटावर बसून हरभरे खात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हरभऱ्याची वाटी त्याच्यापुढे केली.

"मी घेतल्यात," ते म्हणाले. "तुमच्यापरास ल्हान हुतो. एका हंगामापुरती. मोठी कुस्ती लागली हुती. लोकं वळकत न्हवती मला, असा फुगलो. कुस्ती मारली बी. हंगाम सरला, सुया बंद केल्या. आलं त्ये समदं गेलं. जाताना माझं सोताचं, दहा वर्सं घाम गाळून कमावल्यालं, त्येबी घिऊन गेलं. छातीत धडधडायचं. चिडचिड इतकी, की घरातली मानसं जवळ येईनात. दोन वर्सं लागली पुन्ना मानसात याला."

तो ऐकत होता. वस्ताद पुढे म्हणाले, "तुमाला लग्नाच्या दिशी कोट भरायचाय, का म्हातारपनी हातपाय चालवायचेत, ते तुमी ठरवा. मी घेऊ नका म्हनत न्हाई. मी फकस्त माझं सांगितलं."

दुकानात येऊन त्याने विचारलं, "एकोणचाळीसचा कोट चांगला दिसेल?"

"तुमच्या मापाचा दिसेल," मी म्हणालो.

मी खांद्यातली अर्ध्या इंचाची माया सोडली, कंबर आत घेतली, कोटाचा पुढा, म्हणजे समोरची बाजू, छातीच्या नव्या मापाने बसवला. लग्नाला त्याने मला बोलावलं होतं. धरणाचं पाणी मागे, वारा सुटलेला, आणि तो त्या निळ्या कोटात ताठ उभा. माझ्या शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "मुलगा व्यायाम करतो वाटतं." मला ते त्याला सांगायचं होतं, पण गर्दीत जमलं नाही.

त्याच्या लग्नानंतर महिन्याभरातच अब्बा पडले. वय त्र्याहत्तर. मोरीतून बाहेर येताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला नेलं, ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन उत्तम झालंय, हाड धरेल. हाड धरलंही. पण ते धरेपर्यंत अब्बा दीड महिना जवळजवळ पलंगावरच होते.

घरी आणल्यावर त्यांचा पायजमा कंबरेवर राहीना. म्हणून मी नवा शिवायला घेतला आणि माप घेण्यासाठी टेप त्यांच्या मांडीभोवती फिरवला. त्यांचं माप माझ्या वहीत होतं, वर्षापूर्वीचं. एकोणीस. आता टेप सोळावर आला. मला वाटलं मी चुकीच्या जागी धरलाय. पुन्हा धरला. सोळा.

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. आठ-नऊ महिने घाम गाळून मी माझ्या दंडावर अर्धा इंच चढवायची वाट बघत होतो, आणि माझ्या बापाच्या मांडीवरून तीन इंच नुसत्या पडून राहण्याने निघून गेले होते. मांडीवरची कातडी सैल पडून तिला चुण्या पडल्या होत्या. आयुष्यभर ज्या पायांनी त्यांनी पायमशीन चालवलं, ते पाय हे होते.

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. "काय आलं?"

"सोळा."

"सोळा," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्यांना सगळ्यात जास्त टोचत होतं ते नमाजाचं. खुर्चीवर बसून नमाज पढायची मुभा आहे, ते स्वतःच इतरांना सांगायचे. पण स्वतःवर आल्यावर ते खुर्चीवर बसून पुढे वाकायचे आणि डोळे मिटून घ्यायचे, कुणी बघत असेल तर त्याला आपले डोळे दिसू नयेत म्हणून. कपाळ जमिनीला लागत नाही, एवढंच एकदा म्हणाले.

वस्ताद त्यांना बघायला आले. सोबत अंडी आणि धरणातला मासा घेऊन. पलंगाजवळ बसून त्यांनी अब्बांची मांडी हाताने दाबून बघितली, बैल घेताना बघतात तशी, आणि म्हणाले, "चाचा, चालू करायचं का?"

"काय?"

"व्यायाम."

अब्बा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. "आता? या वयात मांस चढतं का?"

"थोडं चढतं. हळू चढतं. पर चढतं."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "करू द्या की, करायलाच हवा. घाई करू नका, दुखलं तर थांबा." फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलेले व्यायाम होतेच. वस्तादांनी त्यांच्याशी बोलून त्यावरच पुढचं रचलं. पलंगाच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या, म्हणजे पलंग उंच झाला. त्या उंचीवरून उठायचं आणि बसायचं, वॉकर धरून. पाच वेळा. मग विसावा. मग पुन्हा पाच वेळा. पहिल्या दिवशी अब्बांना तीनदाच जमलं आणि ते घामाने भिजले. माझ्या बायकोने त्यांच्यासाठी डाळ घट्ट करायला सुरुवात केली, सकाळी दोन अंडी, आठवड्यातून दोनदा मासा, संध्याकाळी दूध. अंड्याला ते तोंड वाकडं करायचे, पण वस्तादांनी विचारलं की "खाल्ली" म्हणून सांगायला हवं, म्हणून खायचे.

सहा आठवड्यांनी एक वीट काढली. आणखी दोन महिन्यांनी दुसरी. मग वस्ताद म्हणाले, आता हातात वजन हवं. व्यायामशाळेतून डंबेल आणायला निघाले तर अब्बा म्हणाले, "थांब." त्यांनी मला माळ्यावरून कोळशाची जुनी इस्त्री काढायला लावली. लोखंडी, लाकडी मुठीची, त्यांनी दुकान टाकलं तेव्हाची. विजेची इस्त्री आल्यापासून ती तशीच पडून होती. वस्तादांनी हातात घेऊन तोलली.

"पाच किलोला वर हाय. चालंल."

मग रोज सकाळी, मी दुकान उघडायच्या आधी, माझे वडील पलंगाच्या काठावर बसून, ती इस्त्री दोन्ही हातांनी छातीशी धरून, उठायचे आणि बसायचे. मी समोर उभा राहून मोजायचो. एक. दोन. सातव्याला त्यांचे गुडघे थरथरायचे. आठव्याला मी हात पुढे करायचो आणि ते नजरेने माझा हात मागे सारायचे. सगळ्यांना मापात ठेवणारा माणूस तो. त्यांना कुणी आधार दिलेला चालत नसे.

असे दहा महिने गेले. माझ्या स्वतःच्या दंडाचं म्हणाल तर तो तोवर सव्वाबारा झाला होता. दीड वर्षात पाऊण इंच. वस्ताद म्हणाले, बेचाळिशीला सुरू करणाऱ्याला ह्ये भरपूर हाय. मला त्याचा आनंद होता, पण माझं लक्ष माझ्या दंडावर राहिलं नव्हतं.

एका सकाळी मी अब्बांची मांडी मोजली. पावणेसतरा.

मी टेप काढला, सरळ केला, पुन्हा लावला. शिवणकामात मी अशी चूक करत नाही, तरी पुन्हा लावला. पावणेसतरा. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या मांडीवर पाऊण इंच नवं मांस. दहा महिने, अंडी, डाळ, मासा आणि एक कोळशाची इस्त्री. गेलेल्या तीन इंचांपैकी फक्त पाऊण परत आलं होतं. जाहिरातीत कुणी असा फोटो छापणार नाही. डावीकडचा आणि उजवीकडचा माणूस तिऱ्हाइताला सारखाच दिसला असता. पण मला त्या पाऊण इंचावर बोट ठेवायचीही भीती वाटली, ताज्या जखमेवर किंवा ताज्या जन्मलेल्या वासरावर ठेवताना वाटते तशी. त्या वयात, सगळं जाण्याच्या दिवसांत, काहीतरी येत होतं. कुठून, हे वस्तादांनी मला कधीच विचारून ठेवलं होतं, आणि मला अजूनही सांगता येत नव्हतं. भाकरीतून, झोपेतून, आणि माणसाने सातव्यानंतर आठवं उठण्यातून. याच्या पलीकडे जे आहे त्याला अब्बा ज्याचं नाव देतात, त्याचंच देणं बरं.

"काय आलं?" अब्बांनी विचारलं.

"पावणेसतरा."

त्यांनी तो आकडा मला वहीत लिहायला लावला.

त्यानंतर पुन्हा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड पक्कं झालंय, जमत असेल तर हळूहळू खाली बसू द्या, आधाराने. वस्तादांनी त्याचाही सराव सुरू केला. आधी पाटावर, मग दुमडलेल्या घोंगडीवर. रोज थोडं खाली.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. दुपार कलली होती. मी मशीनवर एका शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडत होतो. दुकानाच्या मागे आमचं घर, मध्ये एक पडदा, आणि पडदा वाऱ्याने अर्धा सरकलेला. अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान होऊन गेली होती. अब्बा खुर्चीकडे जातील असं मला वाटलं. ते खुर्चीपाशी गेले, खुर्ची उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. मग जमिनीवर जानमाज अंथरला.

मी मशीनच्या पॅडलवरून पाय काढून घेतला. उठलो नाही. उठलो असतो तर ते थांबले असते.

ते उभे राहिले, हात बांधले. वाकले. सरळ झाले. मग एक गुडघा, हात जमिनीला, दुसरा गुडघा, आणि माझ्या वडिलांचं कपाळ जमिनीला लागलं. किती वेळ ते तसे होते मला माहीत नाही. मग ते बसले, पुन्हा कपाळ टेकलं, आणि मग ते जे व्हायचं होतं, ज्याची मला भीती होती. उठणं. त्यांनी एक पाय पुढे घेतला, हात मांडीवर टेकवला, त्याच पावणेसतरा इंचांच्या मांडीवर, आणि दाब देऊन उठले. मध्येच एक क्षण असा आला की ते ना वर होते ना खाली. मांडी थरथरली. मग ती थरथर थांबली आणि ते उभे होते.

त्यांनी सगळी नमाज तशीच पढली. चारही रकात, म्हणजे चारही फेरे. प्रत्येक वेळी खाली, प्रत्येक वेळी वर. मी मोजत होतो. सवयच लागली होती.

संपल्यावर ते पडद्याशी आले. श्वास लागला होता, कपाळावर जानमाजाचा हलका ठसा उमटला होता. मी डोळे पुसायला शर्टाची बाही वापरली, तेही त्यांनी पाहिलं.

"बघत काय बसलायस?" ते म्हणाले. "बाही उलटी लागलीय ती."

मी बघितलं. खरंच उलटी लागली होती. मी उसवायला ब्लेड हातात घेतलं, आणि ते बाहेर बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मी चहा मागवला. येणारा-जाणारा जो भेटेल त्याला ते तब्येतीचं विचारू देत होते आणि फक्त "बरं हाय" म्हणत होते. वस्ताद संध्याकाळी आले तेव्हाही अब्बांनी त्यांना काही सांगितलं नाही. मीच सांगितलं.

वस्ताद बाकावर त्यांच्याशेजारी टेकले, हातातली पिशवी मांडीवर ठेवली. एवढ्या माणसांना त्यांनी घडवलंय, एवढ्या कुस्त्या बघितल्यात. पण त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं ते मी याआधी त्यांच्यात पाहिलं नव्हतं.

"चाचा," ते म्हणाले, "उद्या धा उठायचं."

"बारा," अब्बा म्हणाले.